नवी भांडी पाण्यात घातली तेव्हा

"सिपोराबाय लगेच हो म्हणाली? मग ती येत नाय," झुलेखाभाभी म्हणाली.

आमच्या मागल्या दारच्या गडग्यावर कोपर टेकून ती उभी होती. तिच्या हातात सुरमई होती आणि पायाशी मांजर.

"तिला जे खरंच करायचं असतं ना, त्याच्यावर ती आधी भांडते. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला माझ्याबरोबर पनवेलला आली, तर दोन दिवस माझ्याशी भांडून आली. जिथं नुसतं हो हो करते, तिथं समजून जा."

मी दोरीवरची लंगोटं काढत होते. माझा तान्हा योएल आत झोपला होता, त्यामुळे माझा एक कान आतच होता. "भाभी, आत्यांनी जायच्या कागदांवर सह्या केल्यात. पासपोर्टही आला त्यांचा."

"पासपोर्ट माझा पण आहे. हजला जाऊन आले त्याच्यावर. म्हणून मी येत्ये काय तुमच्याबरोबर इस्राएलला?"

मी हसले आणि आत वळले, कारण योएल खोकला. किंवा मला तसं वाटलं. त्या दिवसांत मला तो सारखा खोकल्यासारखा वाटायचा. भाभीचं बोलणं मी लंगोटांबरोबर घडी घालून ठेवून दिलं.

आम्ही बेने इस्राएल. नागावच्या वाड्यांमधून एकेकाळी आमच्या लोकांची पुष्कळ घरं होती. तेलाचे घाणे होते, शनिवारी ते बंद असायचे, म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणायचं. माझं लग्न झालं तेव्हा गावात आमचं एकच घर उरलं होतं, आणि ते सिपोराआत्याचं होतं. आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची, एफ्राइमची, सख्खी आत्या. त्याची आई तो रांगत असताना गेली. तेव्हा नुकतीच विधवा झालेली ही आत्या त्याला इथे घेऊन आली आणि तिने त्याला वाढवलं. तो तिला आई म्हणत नाही, पण ठेच लागली की "आत्या गं" म्हणतो.

माझे आईवडील आणि भाऊ इस्राएलमधल्या अश्दोदला जाऊन स्थायिक झाले होते. भावाने तिथल्या बंदरात एफ्राइमसाठी काम बघितलं होतं. एफ्राइमची अट एकच होती आणि ती त्याने फोनवर माझ्या भावाला ठणकावून सांगितली होती. "आत्या आली तर आम्ही येतो. ती नाही, तर कोणीच नाही."

माझीही तीच अट होती, फक्त मी ती बोलून दाखवत नव्हते. मी मायक्रोबायॉलॉजी शिकलेली बाई. दुधाच्या बाटलीत कुठले जंतू वाढतात ते मला पाठ होतं, पण माझं पोर माझ्या हातून चमचाभर पेज गिळत नव्हतं. आठव्या महिन्यात त्याचं वजन सहाव्या महिन्याएवढंच होतं. मी चमचा पुढे केला की तो ओठ मिटून माझ्याकडे असा बघायचा, जशी काही माझी भीती त्याला चमच्यात दिसत असावी. आत्या मात्र पाय पसरून बसायची, त्याला नडग्यांवर आडवा घ्यायची, त्याच्याशी झुलेखाभाभीच्या मांजराची चहाडी करत करत बोटाने नाचणीची खीर भरवायची, आणि वाटी रिकामी व्हायची. मला अश्दोदची भीती नव्हती. आत्या नसलेल्या अश्दोदची होती.

निघायला आठवडाही राहिला नव्हता. घरातली मोठी भांडी आत्याने एकेक करून वाटून टाकली होती. पितळी हंडे अलिबागच्या सिनेगॉगला गेले, परात आणि मोठी पातेली पेणच्या चुलतनणदेकडे. रोजची चार ताटंवाट्या आणि थोडी पातेली तेवढी राहिली होती, ती भाभीला द्यायची ठरली होती. आणि अशा वेळी आत्या अलिबागच्या बाजारातून टमटममधून उतरली ती हातात नव्या भांड्यांची जड पिशवी घेऊन.

मी ओसरीवर पिशवी उघडली. दोन ताटं, दोन वाट्या, दोन लहान पातेली, दोन पळ्या. आणि एक चिमुकली वाटी.

"ती योएलची," आत्या म्हणाली. "पोराला स्वतःची वाटी हवी."

"आणि ही बाकीची? आत्या, तिकडे भांड्यांची दुकानं आहेत हो."

"असतील की."

"मग इथून कशाला न्यायची?"

"दिना, स्टिकर काढायला लाग. खोबरेल लाव आणि नखाने खरवड, सुरी लावू नको, ओरखडा उठेल."

गडग्यापलीकडून भाभीने मान उंच केली. "सगळं दोन-दोन? नवराबायकोची जोडी घेतलीस काय गो सिपोराबाय? रुखवत मांडत्येस?"

"तू तुझी मच्छी बघ. मांजर तोंड लावतंय."

भाभी बोलली तेच माझ्याही मनात आलं होतं. मी आणि एफ्राइम. आमच्या नव्या घरासाठी आत्याने जोडी घेतली. "आणि तुमच्यासाठी?" मी विचारलं.

"माझं मी बघितलंय."

मला भरून आलं. मी स्टिकर खरवडत बसले. डिंकाचा एक ठिपकाही राहता कामा नये, हे आत्याने दोनदा सांगितलं. आमच्यात बाहेरून विकत आणलेलं धातूचं किंवा काचेचं नवं भांडं तसंच चुलीवर चढवत नाहीत. आधी ते जिवंत पाण्यात, म्हणजे झऱ्याच्या, नदीच्या नाहीतर समुद्राच्या पाण्यात, पूर्ण बुडवून काढायचं, आणि त्याआधी हिब्रू बराखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना म्हणायची. भांडं आणि पाणी यांच्यामध्ये काहीही येऊ द्यायचं नाही, डिंकसुद्धा. माझी आई ठाण्याला असताना हे कधी करायची, कधी विसरायची. आत्या कधीच विसरायची नाही.

"समुद्राचं पाणी, आत्या? योएलच्या वाटीला?" मी म्हटलं. "त्यात काय काय असतं, मी तुम्हाला भिंगाखाली दाखवलं तर जेवण जाणार नाही."

"म्हणून तर तू दाखवू नको. घरी आणलीस की उकळ. अर्धा तास उकळ, मी नाही म्हणत नाही."

"मग बुडवायचं कशाला?"

"धुवायला नव्हे. धुतलेलंच घालायचं असतं पाण्यात." तिने ताट उजेडात धरून डिंक राहिलाय का ते बघितलं. "दुकानातलं भांडं कोणाचंच नसतं गो. पाण्यातून काढलं की ते एका घरचं होतं."

बुधवारी सकाळी भरती होती. आठवड्यातला मधला दिवस, त्यामुळे किनारा रिकामा होता. घोडागाड्या सुरूच्या बनात उभ्या होत्या आणि पर्यटकांना फिरवायच्या होड्या वाळूत उपड्या. योएलला सांभाळायला भाभी बरोबर आली होती. सुरूखाली चटई टाकून तिने त्याला मांडीवर घेतला.

"भाभी, त्याच्या तोंडात वाळू जाऊ देऊ नका. ऊन लागलं तर टोपी पिशवीत आहे. आणि रडला तर..."

"रडला तर रडेल. मी पाच वाढवलेत, एकाने पण वाळू खाल्ल्याशिवाय दात काढले नाय. जा तू."

आत्याने साडी खोचली आणि टोपली माझ्या कमरेवर दिली. पाणी गुडघ्याच्या वर येईपर्यंत आम्ही आत गेलो. लाट आली की आत्या माझा दंड धरायची. तिचे गुडघे तेव्हाच दुखत होते, चार पायऱ्या उतरताना ती देवाचं नाव घ्यायची. मी मागे वळून बघितलं. भाभी योएलला काहीतरी दाखवत होती, घोडा बहुतेक.

"मागे बघू नको. टोपलीकडे बघ," आत्या म्हणाली. "मला वाकवत नाही आता. बुडवायचं तू. म्हण माझ्यामागून."

ती सांगत गेली, मी म्हणत गेले. तिचं हिब्रू नागावच्या चालीवरचं होतं, शेवटचा शब्द जरा वर नेऊन सोडलेला.

"आधी योएलची वाटी."

मी वाटी मुठीत घट्ट धरली आणि पाण्याखाली नेली.

"अशी नाही. मूठ सोड."

"वाहून जाईल ना."

"तुझी बोटं आहेत तिथे पाणी कसं लागेल? क्षणभर सोडायची, आणि परत धरायची."

"आत्या, एवढीशी वाटी, लाट आली तर..."

"लाट गेल्यावर सोड. मी सांगते कधी ते." ती लाटेकडे बघत राहिली. पाणी मागे सरलं. "सोड."

मी बोटं उघडली. वाटी पाण्याखाली एकदा डुलली, चकाकली, आणि मी तिच्यावर झडपच घातली. आत्या एवढी हसली की तिला माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. "मासा पकडलास की वाटी? ठेव टोपलीत. झाली ती तुमची."

मग तिने ताट उचललं. "हे मटणाचं. इकडे ठेव, डाव्या अंगाला."

मी ते बुडवलं. तिने दुसरं ताट उचललं. "हे दुधाचं. हे उजवीकडे. एकमेकांना लागू देऊ नको."

मी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला.

आमच्या घरांत मटण आणि दूध एका भांड्यात येत नाही. मटणाची भांडी वेगळी असतात, दुधाची वेगळी, फळीसुद्धा वेगळी. हे मी लहानपणापासून बघत आले होते. आणि तरी दोन दिवस त्या ताटांकडे बघताना मला ती भाभीसारखीच दिसली होती, जोडी म्हणून, दोन माणसांची म्हणून. ती दोन माणसांची नव्हती. एका माणसाची होती. एक ताट मटणाचं, एक दुधाचं. एक पातेलं मटणाचं, एक दुधाचं. मी टोपलीतलं पातेलं उचलून आत बघितलं. मूठभर तांदूळ शिजेल एवढंच होतं ते.

"आत्या, दुधाचं दुसरं ताट कुठाय?"

"दुसरं नाही."

"एफ्राइम आणि मी दही कशात खायचं मग?"

तिने ते ताट छातीशी धरलं. लाट आली, आमच्या मांड्यांवर आपटली आणि गेली.

"दुकानातलं भांडं पाण्यातून काढलं की घरचं होतं, असं म्हणालात तुम्ही. कुठल्या घरचं?" माझा आवाज चढला होता. "कुठल्या घरचं, आत्या?"

"ओरडू नको. झुलेखा ऐकेल, मग सगळं गाव ऐकेल."

"तुम्ही येत नाही आहात."

"नाही."

"तुम्ही सह्या केल्यात!"

"सही केली नसती तर त्याने तिकिटं काढली असती?"

मी टोपली पाण्यावर टेकवली. "मी आत्ता जाऊन सांगते त्याला."

"सांग. मग तो राहील." आत्या शांतपणे म्हणाली. "तो राहील, आणि रोज संध्याकाळी वाडीत पोफळी मोजत बसेल, आणि माझ्यावर कधी चिडणार नाही. ते मला बघवेल काय, दिना? चिडला तर मी सोसेन. न चिडलेला नाही सोसायची."

"मग चला ना आमच्याबरोबर. काय आहे इथे? एक घर राहिलंय आपलं."

"आहे ना एक? ते पण बंद करू?" ती किनाऱ्याकडे वळली. "मला इथून कोणी जा म्हटलेलं नाही गो. आजोबांना नाही, बाबांना नाही, मला नाही. तुम्हाला पुढे काम आहे, पोर आहे, तुम्ही जा. मी कशासाठी जाऊ? तिथे मी कोणाशी भांडू? माझं हिब्रू देवाला कळतं, वाण्याला कळायचं नाही."

"आणि योएल?" मला रडू आवरेना. "तो माझ्या हातून खात नाही. तुम्हाला माहितीये. तुम्ही रोज बघता. मी काय करू त्याचं तिथे?"

तेवढ्यात किनाऱ्यावर योएलने भोकाड पसरलं. मी वळले. आत्याने माझा दंड धरला.

"थांब."

"रडतोय तो."

"ऐकू येतंय मला. थांब जरा."

भाभी उठली. त्याला कडेवर घेऊन तिने पिशवीतून काहीतरी काढलं, बहुधा घरून आणलेला भाकरीचा तुकडा. मला ओरडावंसं वाटलं, कडक आहे, घशात अडकेल. योएलने तो दोन्ही हातांनी धरला. रडणं थांबलं. तो चोखत होता, चावत होता, आणि भाभी त्याच्याकडे बघतही नव्हती. ती घोड्याच्या मालकाशी बोलत होती.

"बघतेयस?" आत्या म्हणाली. "तो माझ्या हातून खातो असं तुला वाटतं. त्याच्याकडे सारखं कोणी बघत नसलं की खातो तो. मी मांजराकडे बघते."

मी डोळे पुसले, खाऱ्या हातांनी, त्यामुळे ते अजून झोंबले.

"मी नाही बुडवणार," मी म्हटलं. पोरकटपणे म्हटलं, पण मनापासून. "हे ताट मी नाही बुडवणार."

आत्याने मान हलवली. ते ताट तिच्याच हातात होतं. ती वाकायला गेली, अर्ध्यावर थांबली, ओठ दाबून परत सरळ झाली. पुन्हा वाकली. लाट आली आणि तिचा तोल गेला. मी टोपली कमरेशी दाबून दुसऱ्या हाताने तिला धरलं. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली. ती किती हलकी झाली होती ते मला तेव्हा कळलं.

"तुम्ही गेल्यावर मी खाऊ कशात, पोरी?" ती माझ्या पदरात म्हणाली. "जुनं सगळं वाटून बसले मी. एफ्रूला खरं वाटावं म्हणून."

मी तिच्या हातातून ताट घेतलं. लाट जाऊ दिली. ताट पाण्याखाली नेलं आणि बोटं उघडली. या वेळी झडप घातली नाही. ते पाण्यात आडवं झालं, हळूहळू खाली जायला लागलं, आणि मी ते खालून तळहातावर घेतलं.

मग वाट्या. मग पातेली. मग पळ्या. दुधाचं उजवीकडे, मटणाचं डावीकडे. परत येताना भाभीने आमच्या तोंडांकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही विचारलं नाही. योएलला माझ्याकडे दिलं आणि टोपली आपल्या डोक्यावर घेतली.

घरी आल्याबरोबर आत्याने रोजची जुनी ताटं आणि पातेली उचलून भाभीच्या हवाली केली. "ने. आजच ने." भाभी "आज कशाला, अजून दिवस आहेत" म्हणाली, तर आत्या तिच्यावर खेकसली. भाभी ताटं घेऊन निमूट गेली. सकाळी शिजवलेल्या रस्स्याचं आणि आमच्या भाताचं पातेलं तेवढं जेवणं होईपर्यंत मागे राहिलं.

दुपारी एफ्राइम अलिबागहून आला. सामानाचे टॅग, औषधं, योएलसाठी डायपर, दोन्ही हात भरलेले. आत्याने आम्हा दोघांना केळीच्या पानांवर वाढलं. तो खूश झाला. "वा, सणासारखं!" मग तिने नव्या लहान पातेल्यातला भात नव्या ताटात घेतला, त्यावर नारळाच्या दुधातला कोंबडीचा रस्सा घातला, आणि आमच्यासमोर जेवायला बसली.

"नवीन ताट काढलंस?" एफ्राइम म्हणाला. "अगं, पॅक करायचं ना ते."

"नाही करायचं."

त्याने घास तोंडाजवळ नेला होता. तो फळीकडे बघायला लागला. उजव्या फळीवर दुधाचं ताट उपडं होतं, त्याच्याशेजारी एक वाटी, एक पातेलं, एक पळी. डावी फळी रिकामी होती, तिथलं सगळं आत्याच्या पुढ्यात होतं. मला जे कळायला समुद्रापर्यंत जावं लागलं, ते त्या घरात वाढलेल्या माणसाला बसल्या जागी कळलं. त्याने घास पानावर ठेवला.

"मग मीही जात नाही," तो म्हणाला.

"बरं," आत्या म्हणाली. "रात्री जेवशील कशात?"

"म्हणजे?"

"या घरात एका माणसाची भांडी आहेत, एफ्रू. मी तेवढीच आणली. तुला वाढू कशात?"

तो उठला आणि मागच्या दाराने वाडीत गेला. आत्या जेवत राहिली, म्हणजे बोटांनी भात इकडून तिकडे करत राहिली. मी योएलला मांडीवर घेतलं. त्याची वाटी मी अर्धा तास उकळली होती. नाचणीची खीर घेऊन मी दाराबाहेर बघत बसले, वाडीत पोफळींमधून एफ्राइमचा पांढरा शर्ट दिसत होता, तिकडे. मी त्या शर्टाकडे बघत होते आणि माझं बोट आपोआप वाटीत जात होतं, योएलच्या तोंडाकडे जात होतं. केव्हातरी बोट वाटीच्या तळाला लागलं.

एफ्राइम बऱ्याच वेळाने आत आला. तोंड धुऊन आला होता. तो आपल्या पानावर बसला नाही. आत्याच्या शेजारी मांडी घालून बसला, तिच्या ताटातला भात कालवला आणि एक घास खाल्ला, मग अजून एक. लहान असताना तो असाच तिच्या ताटात जेवायचा म्हणे.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"आयुष्यभर माझ्या हातचं गिळलंस, आणि जाताना मीठ कमी?" आत्या कडाडली, आणि मग तिने पदर तोंडाला लावला.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. योएल अश्दोदला शाळेत जातो, स्वतः वाढून घेतो, दुसऱ्यांदा मागून घेतो. मी अजूनही काळजी करते, पण दुसरीकडे बघत करते. मधे दोनदा आम्ही नागावला जाऊन आलो. गेली दोन वर्षं जमलेलं नाही. आत्याला दर शुक्रवारी दुपारी फोन करतो. एफ्राइम विचारतो, "जेवलीस?" "हो." "गुडघे?" "बरे आहेत." "कोणी येतं-जातं?" "हो हो." सगळ्याला हो. एकदाही भांडत नाही. झुलेखाभाभीला तिच्या मुलाने मागच्या पावसाळ्यात मुंब्र्याला नेलं. गडग्यापलीकडे कुलूप आहे. हे मला आत्याने सांगितलं नाही, भाभीनेच फोन करून सांगितलं, आणि म्हणाली, "तुला परत काय सांगू मी?"

तुम्ही जाता ना नागावला, सुट्टीत, मुलांना घेऊन? समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुरूचं बन लागायच्या आधी डाव्या हाताला पोफळीची वाडी आहे. घराच्या दाराच्या उजव्या चौकटीवर तिरपी लावलेली प्रार्थनेची बोटभर डबी दिसेल, तेच घर. शनिवारी जाऊ नका, ती चूल पेटवत नाही. रविवारी जा. तिला ऐकू जरा कमी येतं, म्हणून मोठ्याने हाक मारा. बऱ्या आहात का, असं विचारू नका, ती हो म्हणेल. सरळ सांगा, भूक लागली आहे. ती तुमच्यावर ओरडेल, न सांगता आलात म्हणून, आणि मग तांदूळ काढेल. तुम्हाला वाढायला तिच्याकडे ताट नाही, तेव्हा जाताना केळीची पानं घेऊन जा. आणि तिला तुमच्याबरोबरच बसवा. बसली की तिच्याकडे फार बघू नका. नुसतं जेवते का, तेवढं बघून या, आणि मला कळवा.